सुतारशाळेतली धूळ आणि प्लॅस्टिकचा पाइप

पाचाड हे रायगडाच्या पायथ्याचे गाव. राजमाता जिजाबाई १६७४ साली येथेच निवर्तल्या. त्यांची समाधी आणि वाड्याचे अवशेष पाहायला दूरदूरची माणसे येतात. गडावर जाणाऱ्यांची नजर गडाकडे असते. पण वाटेत जुने घर दिसले तर क्षणभर थांबून त्याच्या लाकडाकडे पाहावे. ऐनाचे खांब, किंजळाचे वासे, सागाची दारे. आपल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात पिढ्यान् पिढ्या घर म्हणजे लाकूड, नांगर म्हणजे लाकूड आणि लाकूड म्हणजे सुतार, असे समीकरण होते.

आता नांगर मागे पडला, पण सुतार मागे पडलेला नाही. दारे, खिडक्या, कपाटे, पलंग, देव्हारे यांना मागणी आहेच. बदलले ते हत्यार. हाताची करवत आणि हाताचा रंधा यांच्या जागी विजेवर चालणारी गोल करवत, रंधा मशीन आणि घासण्याचे यंत्र आले. घरातला एखादा मुलगा शेतीला जोड म्हणून पडवीत किंवा गोठ्याच्या बाजूला हे काम थाटतो. चार पैसे घरात येतात. ही चांगलीच गोष्ट झाली.

मात्र या यंत्रांबरोबर एक पाहुणा घरात आला आहे आणि त्याच्याकडे आपण अजून नीट पाहिलेले नाही. तो म्हणजे धूळ. हाताच्या रंध्याच्या ढलप्या जमिनीवर पडत आणि चुलीत जात. यंत्राची धूळ पिठासारखी बारीक असते. ती जमिनीवर पडण्याआधी तासन् तास हवेत तरंगते, माजघरात येते, पाण्याच्या हंड्यावर बसते आणि श्वासाबरोबर आत जाते. तिला उगमापाशीच पकडून पाइपातून बाहेर नेता येते, आणि त्यासाठी आपल्या शेतात पडलेला प्लॅस्टिकचा पाइपही उपयोगी पडतो. परंतु पाण्याचा पाइप टाकण्याची रीत वेगळी आणि हवेचा पाइप टाकण्याची रीत वेगळी. ती रीत समजून घेतली तर खर्च कारणी लागतो. न समजता केली तर पाइप तुंबतो आणि धूळ होती तिथेच राहते.

धुळीने काय होते?

“आमच्या आज्याने जन्मभर सुतारकाम केले, त्याला काही झाले नाही,” असे कोणी म्हणेल. आज्याचे हत्यार हाताचे होते आणि तो बहुधा उघड्या मांडवात काम करीत असे, हे विसरू नये.

इंग्लंडमध्ये हाय विकंब नावाचे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एस्मे हॅडफील्ड या नाक-कान-घशाच्या शल्यविशारद बाई रोगी तपासत असत. नाकाच्या आतल्या पोकळीचा एक विरळा कर्करोग आपल्या रोग्यांत वारंवार दिसतो आणि ते रोगी बहुतेक लाकडी सामान बनवणारे कामगार आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ही गोष्ट वैद्यकीय नियतकालिकात पुराव्यासह मांडली. पुढे इतर देशांतही तेच आढळले. अखेर १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली.

याचा अर्थ प्रत्येक सुताराला हा रोग होतो असा मुळीच नाही. तो विरळाच आहे. पण नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, सततचा खोकला, धाप लागणे हे त्रास विरळे नाहीत. सागाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते. घरात दम्याचे मूल असेल तर त्याचा त्रास वाढतो. लाकूडकाम करणाऱ्याची एकच नाकपुडी अनेक आठवडे बंद राहत असेल किंवा तिच्यातून वरचेवर रक्त येत असेल, तर घरगुती उपाय करीत बसू नये. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट. सुतारशाळेत सगळ्यात जास्त धूळ कोण खाते? दिवसभर करवतीपाशी उभा राहणारा तर खातोच; पण संध्याकाळी केरसुणी घेऊन तिथला केर काढणारी घरची बाईही खाते. कोरडा केर काढला की दिवसभर खाली बसलेली बारीक धूळ पुन्हा उठते आणि तिच्या तोंडाशी येते. पदर नाकाला लावल्याने जाड भुसा अडतो, बारीक धूळ अडत नाही. म्हणून हा विषय एकट्या सुताराचा नाही, साऱ्या घराचा आहे.

फुंकर लांब जाते, ओढ जवळच राहते

पाइप विकत घेण्याआधी एक साधी गोष्ट करून पाहा. हातभर अंतरावर पेटते निरांजन ठेवा. फुंकर मारली तर ज्योत विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकलेली हवा एका रेघेत लांबवर जाते. ओढलेली हवा मात्र तोंडाच्या चारी बाजूंनी येते आणि तिचा जोर जवळच संपतो. ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडापासून त्याच्या रुंदीइतके अंतर दूर गेले, तरी हवेचा वेग सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे चार इंची पाइप असेल तर चार इंचांवरच जोर इतका उतरतो.

भिंतीत पंखा बसवला की धूळ जाते, हा समज येथेच खोटा ठरतो. पंख्यापर्यंत धूळ पोचायची तर ती आधी काम करणाऱ्याच्या नाकावरून जाते. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात धूळ ओढण्याची सोय धूळ जिथे उत्पन्न होते त्या जागेच्या शक्य तितकी जवळ असावी, असे घातले होते. तो कायदा मोठ्या कारखान्यांसाठी होता. पण त्यामागचे शहाणपण पडवीतल्या सुतारशाळेलाही लागू आहे.

म्हणून पहिले काम यंत्रापाशी. गोल करवतीच्या टेबलाखाली पात्याभोवती पेटी करून तिला पाइपाचे तोंड जोडावे. शक्य असल्यास पात्याच्या वरच्या संरक्षक टोपीलाही एक तोंड द्यावे, कारण पात्याच्या दात्यांबरोबर बरीच धूळ वर येते. रंध्याला ढलप्या जिकडे उडतात त्या बाजूला तोंड असावे. पात्यांचा जोर ढलप्यांना पाइपाकडे ढकलेल अशी दिशा साधली की निम्मे काम आपोआप होते.

कोणता पाइप घ्यावा?

शेतकऱ्याला पीव्हीसी पाइप नवा नाही. विहिरीपासून बांधापर्यंत तो आपणच टाकतो. पाण्याचा पाइप एक नंबर लहान घेतला तर टाकी उशिरा भरते, यापलीकडे फारसे बिघडत नाही. हवेचे तसे नाही. लाकडाचा भुसा हवेत तरंगत राहायला हवेला सेकंदाला सुमारे २० मीटर वेग लागतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणा. मोकळ्या महामार्गावरच्या एस.टी.चा वेग. तो कमी पडला की भुसा पाइपाच्या तळाशी बसू लागतो आणि काही दिवसांत पाइप तुंबतो.

आता हिशेब पाहा. चार इंची पाइपातून या वेगाने सेकंदाला सुमारे १६० लिटर हवा जाते. सहा इंची पाइपातून सुमारे ३६५ लिटर, म्हणजे सव्वादोनपट. उलट बाजूने पाहिले तर तेवढीच हवा सहा इंचीऐवजी चार इंची पाइपातून ओढायची झाली, तर घर्षणाचा अडथळा सात-साडेसात पटीने वाढतो. पंखा तोच, वीज तीच, पण ओढ हरवते.

यावरून दोन गोष्टी ठरतात. एक अश्वशक्तीच्या आसपासचे छोटे, एका पिशवीचे यंत्र असेल, तर साऱ्या मार्गाला चार इंची, म्हणजे बाजारात ११० मिलिमीटर म्हणून मिळणारा पाइप घ्यावा आणि मार्ग अगदी आखूड ठेवावा. दोन-तीन अश्वशक्तीचा ब्लोअर असेल तर मुख्य पाइप सहा इंची, म्हणजे १६० मिलिमीटरचा घ्यावा. यंत्रावर लिहिलेला हवेचा आकडा बहुधा मोकळ्या तोंडाचा असतो. पाइप जोडल्यावर तो बराच उतरतो, हे दुकानात लक्षात ठेवावे. घराच्या खिडकीत लावतात तो पात्यांचा पंखा या कामाचा नाही. त्याला पाइपातून हवा ओढण्याइतका दाब देता येत नाही.

मुख्य पाइप जाड आणि फांदी बारीक केली की एक फसगत होते. करवतीची एकच चार इंची फांदी उघडी ठेवली, तर तिच्यात वेग पुरेसा असतो. पण तीच हवा सहा इंची मुख्य पाइपात आली की वेग निम्म्याखाली जातो आणि भुसा तिथे बसतो. यावर उपाय असा की सहा इंची पाइप यंत्राच्या अगदी जवळपर्यंत आणावा आणि तिथे त्याला चार इंची दोन तोंडे द्यावीत, एक पात्याखाली व एक पात्यावर. दोन्ही मिळून मुख्य पाइपाला जवळजवळ पुरेशी हवा मिळते.

पाइपाची जात म्हणाल तर पाण्याच्या दाबाचा जाड पाइप लागत नाही. सांडपाण्यासाठी आणि छपरावरचे पाणी उतरवण्यासाठी भारतीय मानक १३५९२ चा जो हलका पाइप मिळतो, तो चालतो. त्याला रबरी कड्यांचे जोड असतात आणि साफ करण्यासाठी झाकण असलेले बेंडही मिळतात. मोटारीचा जुना पाइप परसात पडला असेल आणि तो रुंद असेल, तर तोही धुऊन, वाळवून वापरता येईल. उन्हात वर्षानुवर्षे पडून कडकडीत झालेला मात्र घेऊ नये. तो वाकवताच तडकतो.

एक इशारा येथेच देतो. हा पाइप हवा ओढण्यासाठी आहे. कॉम्प्रेसरची दाबाची हवा पीव्हीसी पाइपातून कधीही नेऊ नये. दाबाखाली तो फुटला तर त्याचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात.

मांडणी कशी करावी?

पाइप तुळईला किंवा वाशांना पट्ट्यांनी टांगावा. पाच-सहा फुटांवर एक पट्टी द्यावी, कारण कधी तुंबलाच तर भुशाचे वजन येते. वरून नेला की पायात येत नाही. प्रत्येक यंत्राशी एक फांदी खाली उतरवावी.

वळणे कमीत कमी असावीत. पाण्याच्या कामात आपण काटकोनी एल्बो डोळे मिटून लावतो. हवेच्या कामात प्रत्येक आखूड काटकोन ओढ खातो आणि भुसा अडवतो. काटकोनात वळायचेच असेल तर ४५ अंशाचे दोन बेंड घ्यावेत आणि दोहोंमध्ये पाइपाचा लहानसा तुकडा द्यावा. फांदी जोडताना टी वापरू नये. वाय वापरावा आणि त्याचा कल हवा जाते त्या दिशेला ठेवावा. ओढ्याला वहाळ मिळतो तो तिरका मिळतो, तसे हे समजा. वाय मुख्य पाइपाच्या कुशीला किंवा वरच्या अंगाला बसवावा. खालच्या अंगाला बसवला तर यंत्र बंद असताना मुख्य पाइपातला भुसा त्या फांदीत घसरतो.

पाइपाला एका टोकाला रुंद तोंड असते, त्याला सॉकेट म्हणतात. पाण्याच्या पाइपात आधीच्या पाइपाचे साधे टोक पुढच्याच्या सॉकेटमध्ये शिरते. येथेही तसेच करावे. उलटे केले तर आत कडा तयार होते आणि लांब ढलप्या तिला अडकून गोळा होतात. पाइप कापल्यावर आतली बोचरी कडा कानशीने घासून काढावी. जोड पक्का करायला स्क्रू मारला तर त्याचे टोक आत डोकावता कामा नये. दोन इंची ढलपीला तेवढा खिळासुद्धा पुरतो.

जोडांना सोल्युशन लावून कायमचे चिकटवू नये. पुढेमागे तुंबले तर उघडता आले पाहिजे. रबरी कडे पुरेसे घट्ट बसते. नाही बसले तर बाहेरून चिकटपट्टी गुंडाळावी. गळती शोधायला ब्लोअर चालू करून कापसाचा धागा प्रत्येक जोडापाशी धरावा. धागा जोडाकडे ओढला गेला की तिथे हवा आत शिरते असे समजावे. पाण्याची गळती डोळ्यांना दिसते, हवेची दिसत नाही. पण दहा जोडांची गळती मिळून करवतीची अर्धी ओढ खाऊ शकते.

प्रत्येक फांदीला सरकती झडप हवी. ती घरीच होते. प्लायवुडच्या दोन फळ्यांना पाइपाच्या मापाची भोके पाडायची, मध्ये पातळ पत्रा सरकेल एवढी फट ठेवायची आणि कडेला पट्ट्या मारायच्या. जे यंत्र चालू असेल त्याची झडप उघडी, बाकीच्या बंद. छोट्या ब्लोअरने तिन्ही यंत्रांची धूळ एकदम ओढावी ही अपेक्षा करू नये.

यंत्र आणि पाइप यांच्यामध्ये जो लवचीक, वेटोळ्यांचा नळ लावतात, तो अगदी आखूड ठेवावा. त्याचे अंग आतून खरबरीत असते आणि तो गुळगुळीत पाइपापेक्षा कितीतरी जास्त ओढ खातो.

जमिनीलगत एक जास्तीचे तोंड जरूर ठेवावे. संध्याकाळी त्याची झडप उघडून केर त्याच्याकडे लोटला की उचलावा लागत नाही. खिळे आणि लाकडाचे मोठे तुकडे मात्र आधी वेचून काढावेत. घरच्या बाईच्या श्वासासाठी एवढी सोय महागात पडत नाही.

पाइपात साठणारी वीज

हिवाळ्यात कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे उड्या मारून चिकटतात. शाळेतल्या मुलांना हा खेळ ठाऊक आहे. प्लॅस्टिकच्या पाइपातून कोरडी धूळ वेगाने घासत जाते तेव्हा हेच घडते. पाइपाच्या अंगावर वीज साठते. हात लागला की चटका बसतो. चटका लहानच असतो, पण करवतीपाशी उभ्या माणसाचा हात दचकून पात्याकडे गेला तर अनर्थ होईल. पावसाळ्यात हवा ओली असल्याने हा त्रास सहसा जाणवत नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत जाणवतो.

प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. त्यामुळे पाइपाच्या एका टोकाला तार जोडली की सारा पाइप निर्धोक झाला, असे होत नाही. तार जिथे टेकते तिथलीच वीज निघून जाते. म्हणून उघडी तांब्याची तार पाइपाच्या बाहेरून नागमोडी गुंडाळत सगळीकडे न्यावी. तार आतून टाकू नये, तिला ढलप्या अडकतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे धातूचे सुटे भाग. प्लॅस्टिकच्या पाइपावर बसलेला लोखंडी पट्टा, पत्र्याची झडप, लवचीक नळातली तारेची स्प्रिंग, हे सारे भाग चारी बाजूंनी प्लॅस्टिकने वेढलेले असतात. त्यांच्यात वीज साठते, तिला जायला वाट नसते, आणि एखादे वेळी ती एकदम ठिणगीच्या रूपाने उडते. हे सगळे भाग, यंत्रांचे सांगाडे आणि ब्लोअरची मोटार तारेने एकमेकांना जोडून पक्क्या अर्थिंगला जोडावीत. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. नळाच्या तोटीला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे. आता नळच प्लॅस्टिकचे आहेत.

आगीची भीती किती?

बारीक धूळ हवेत दाट मिसळली आणि तिला ठिणगी मिळाली तर ती दारूसारखी भडकते. इटलीत तुरीन शहरी १७८५ साली एका पिठाच्या कोठारात असा भडका उडाल्याची नोंद आहे. अमेरिकेत मिनियापोलिस येथे २ मे १८७८ रोजी पिठाची प्रचंड गिरणी उडून १८ कामगार मृत्युमुखी पडले. लाकडाची धूळही अशीच आहे. कॅनडात २०१२ च्या जानेवारीत बर्न्स लेक येथे आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज येथे लाकूड कापण्याच्या गिरण्यांत स्फोट झाले आणि प्रत्येक ठिकाणी दोन कामगार गेले. इंग्लंडमध्ये बॉस्ले गावी लाकडाचे पीठ करणाऱ्या गिरणीत १७ जुलै २०१५ रोजी चार जण प्राणास मुकले.

ही मोठ्या गिरण्यांची उदाहरणे आहेत. पडवीतल्या तीन यंत्रांच्या पाइपात एवढी दाट धूळ सहसा जमत नाही. पण म्हणून बेफिकीर राहू नये. मोठ्या कारखान्याने, पिठाच्या गिरणीने किंवा सतत घासकाम करणाऱ्याने प्लॅस्टिकच्या पाइपाच्या वाटेला जाऊच नये. तिथे पत्र्याचा, अर्थिंग केलेला पाइपच हवा. घरगुती सुतारशाळेतही ऐपत असेल तर पत्र्याचा पाइप अधिक बरा. लाकडात राहिलेला खिळा पात्याला लागून ठिणगी उडते, म्हणून जुने लाकूड आधी तपासावे. ग्राइंडरची ठिणगी या पाइपात कधी जाऊ देऊ नये. विडी-काडी सुतारशाळेच्या बाहेर. अळशीच्या तेलाचे किंवा पॉलिशचे बोळे भुशाच्या पिशवीत टाकू नयेत. ते आपोआप तापून पेटतात. वाशांवर आणि तुळयांवर साचलेली धूळ महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून काढावी.

भुसा कुठे सोडावा?

ज्यांनी भातगिरणी पाहिली आहे त्यांना गिरणीमागचा तुसाचा ढीग आठवेल. आपल्या भुशाचीही तशीच बाहेर सोय करावी. ब्लोअरच्या आधी एक झाकणाचा ड्रम बसवला आणि हवा त्यात कडेने शिरून भोवऱ्यासारखी फिरेल असे केले, तर जड भुसा आणि ढलप्या ड्रममध्येच पडतात. मग पिशवी लवकर भरत नाही आणि पंख्याच्या पात्यांवर लाकडाचे तुकडे आपटत नाहीत. पातळ कापडाची पिशवी जाड भुसा धरते आणि बारीक धूळ पुन्हा खोलीत सोडते. म्हणजे जी धूळ सर्वांत वाईट तीच परत येते. यासाठी ब्लोअर आणि पिशवी छपराखाली पण खोलीबाहेर असावी. मात्र तिचे तोंड शेजाऱ्याच्या ओटीकडे, गोठ्याच्या गव्हाणीकडे, विहिरीकडे किंवा पेंढ्याच्या उडवीकडे नको. खोलीतून हवा बाहेर जाते तेवढीच आत यायला हवी, म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवावी. माजघराचे दार मात्र लावून घ्यावे; तिथे चूल असेल तर तिचा धूर सुतारशाळेकडे ओढला जाईल.

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पिशवीत ओला भुसा राहिला की त्याला बुरशी येते, आणि तो उपसताना बुरशीची धूळ छातीत जाते. पावसाळ्यात पिशवी रोजच्या रोज रिकामी करावी. काम बंद असेल तेव्हा पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला झाकण किंवा जाळी लावावी. कुंभारमाशी मोकळे भोक दिसले की मातीचे घर बांधते, आणि उंदीर, विंचू यांनाही अशी जागा आवडते.

जमा झालेला भुसा वाया जात नाही. साध्या लाकडाचा भुसा शेणात मिसळून खताच्या खड्ड्यात कुजवावा. कच्चा भुसा सरळ शेतात टाकू नये. तो कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. प्लायवुड आणि दाबलेल्या फळ्यांचा भुसा मात्र वेगळा ठेवावा. त्यात रासायनिक डिंक असतो. तो चुलीत जाळू नये आणि गुरांच्या पायाखालीही घालू नये.

एवढे करूनही

पाइप कितीही चांगला बसवला तरी थोडी धूळ सुटतेच. विशेषतः हाताने घासकाम करताना. अशा वेळी तोंडावर भारतीय मानक ९४७३ चा, धूळ गाळणारा मुखवटा लावावा आणि तो नाकापाशी नीट दाबून बसवावा. उपरणे किंवा रुमाल त्याची जागा घेऊ शकत नाही. केर काढायचा तो पाइपाने काढावा, नाही तर भुशावर पाण्याचा हलका शिडकावा करून काढावा. यंत्र थांबल्यावर ब्लोअर एक-दोन मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे पाइपात अर्ध्या वाटेवर असलेला भुसा बाहेर जाईल.

सगळे एकदम करता येत नसेल तर क्रमाने करावे. आधी एकट्या करवतीची सोय. ब्लोअर तिच्याजवळ ठेवून हातभर पाइपाने सुरुवात केली तरी पहिल्याच दिवशी फरक दिसतो. पुढच्या हंगामात रंधा जोडावा. वाय आधीच बसवून त्याचे तोंड झाकून ठेवले असेल तर पुढचे काम सोपे जाते.

बैलाच्या खांद्याला आवाळू आले की आपण जू उतरवून ठेवतो. माणसाच्या छातीतले दुखणे तसे वरून दिसत नाही, म्हणून त्याच्या हाताला काम चालू राहते. मुलाने सुतारकामाची यंत्रे घेतली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला पैसा उभा करून दिला असेल. आता त्याच यंत्रांना जोडायच्या पाइपासाठी आणि तांब्याच्या तारेसाठीही त्यांनीच आग्रह धरावा. येत्या दिवाळीनंतर लाकूडकामाचा हंगाम सुरू होईल. त्याआधी परसातला पाइप एकदा मोजून पाहा.